मी शोधलेली भेग

जमीन हलते आहे की मीच हलतो आहे, हे मला त्या दिवसांत कळेनासं झालं होतं. चावडीच्या ओसरीवर जेवायला बसलो तरी आधी तांब्यातल्या पाण्याकडे बघायचो. पाणी डुचमळलं की हातातला घास तसाच ठेवून घड्याळ काढायचो. बहुतेक वेळा पलीकडून कुणाचा तरी बैल गेलेला असे. एकदा तर पाणी हललं, मी वेळ टिपली, दिशा टिपली, आणि मग लक्षात आलं की माझाच गुडघा तांब्याला लागून उडतो आहे. तो धक्का मी खोडला नाही. पुढे नकाशावरही तो एक ठिपका म्हणून राहिला. मोठ्या अभ्यासात असे दोन-चार ठिपके खपून जातात.

दुसरी मोठी लढाई चालू होती ते दिवस. हैद्राबादेतल्या दगडमातीच्या सरकारी खात्यात मी नुकता चिकटलो होतो. आमचं घराणं औंढ्याचं, देवळाच्या चाकरीतलं. दगडाशी आमचा संबंध एकच, त्याच्यापुढे डोकं टेकवायचं. मी हातोडा घेऊन दगड फोडायची नोकरी धरली तेव्हा वडील आईला म्हणाले होते, "आजवर सगळे दगडाच्या पाया पडले. हा त्याला मारायला निघाला. बघ, एक दिवस तो उलटा मारील."

वसमतेच्या बाजूला जमीन हादरल्याची खबर आली आणि 'तू तिकडचाच' म्हणून खात्यानं मला धाडलं. आमच्या बड्या साहेबांचं म्हणणं असं, की दख्खनचा काळा दगड म्हातारा आहे, तो आता जागचा हलत नाही; हादरा कुठून तरी लांबून आला असेल, जा, गावं बघ आणि परत ये. मला ते पटलेलं नव्हतं. जमिनीच्या पोटात दगड तडकतो, तड्याच्या दोन बाजू एकमेकींना अडून बसतात आणि एक दिवस अचानक सरकतात, तोच भूकंप. असा जिवंत तडा आमच्या मुलखात कुणी दाखवला नव्हता. मी दाखवणार होतो. त्याला लोक माझं नाव देतील हेही मी मनात ठरवून टाकलं होतं. तडा तेवढा सापडायचा बाकी होता.

काम तसं विचारपूस करण्याचं. भूकंप मोजायचं यंत्र काही गावोगाव नसतं, म्हणून घरं, भांडी आणि माणसं यांनाच यंत्र समजायचं. कोण झोपेतून उठलं, काय पडलं, कुठली भिंत फाटली हे विचारायचं, आणि त्यावरून शाळेतल्या पोरासारखी गावाला इयत्ता द्यायची. सारख्या इयत्तेची गावं नकाशावर रेघेनं जोडली की जे वर्तुळ सगळ्यांत आत येतं, त्याच्या खाली कुठेतरी तडा. खात्याकडे या इयत्तांचं कोष्टक होतं ते विलायतेत तयार झालेलं. त्यात धुराडी कोसळली का, भिंतीवरच्या तसबिरी वाकड्या झाल्या का, चर्चची घंटा आपोआप वाजली का, असे प्रश्न. कुरुंद्याकडच्या खेड्यात धुराडं शोधायचं कुठे? मी धुराड्याच्या जागी उतरंड घातली, तसबिरीच्या जागी शिंकं आणि घंटेच्या जागी पाळणा. या सुधारणेवर मी इतका खूष होतो की तिचीच एक पुस्तिका काढावी असं मनात होतं.

"शिंकं हाललं का?"

"व्हय सायब."

"कितीसं हाललं?"

"तुमी म्हणाल तितकं."

एका घरात कोपऱ्यापासून कोनाड्यापर्यंत भिंत फाटलेली दिसली. मी हर्षानं तिची लांबी घेतली, तिरकेपणा घेतला आणि घरधनिणीला विचारलं, "ही परवाच फाटली ना?"

"न्हाई जी. मी नवरी हून आले तवा बी अशीच व्हती. मामंजी म्हणले व्हते, पाऊस सरला का लिंपू." मग माझा पडलेला चेहरा बघून बिचारी म्हणाली, "पर परवा वाईच वाढली असंल. लिवा तुमी."

आणि प्रत्येक गावात पहिला प्रश्न मात्र मला केला जाई: "सायब, तुमी लेवीचे का?" लढाईमुळे सरकार शेतकऱ्याच्या घरातून ठरावाची ज्वारी सक्तीनं उचलत होतं, तिचं नाव लेव्ही. ठरावापेक्षा जास्त सापडली तर तीही उचलत. लेव्हीचा माणूस शिवारात शिरला की गावाला हगवण लागे. मी छाती काढून सांगायचो, "नाही, मी भूकंपाचा." लोक माझ्याकडे बघत, मग माझ्या चपराश्याच्या छातीवरच्या सरकारी बिल्ल्याकडे बघत, आणि बिल्ल्यावर विश्वास ठेवत. हा चपराशी खास हैद्राबाद शहरातला. खेड्यातल्या हवेनं त्याचं पोट बिघडे आणि शांततेनं डोकं. "साब, यहाँ की जमीन में जिन है," तो रोज सकाळी सांगे. "मेरेकू नक्को ये नौकरी."

असे हिंडत आम्ही कुरुंद्याच्या अलीकडच्या एका गावी आलो. चहूबाजूंनी हळदीचे मळे, मध्ये माळवदाची घरं. इथे हादरा खरा बसलेला होता. उतरंडी पडल्या होत्या, छताची माती गळून अंथरुणांवर आली होती, खालून गाडी गेल्यासारखा आवाज लोकांनी ऐकला होता. माणसं बाजा बाहेर काढून अंगणात झोपत होती. माझ्या वर्तुळांतलं सगळ्यांत आतलं वर्तुळ याच गावावर येत होतं. मला बसवेना, उभं राहवेना. सकाळी मी एका गल्लीतून चारदा गेलो, तेव्हा एक म्हातारी ओरडली, "काहून फिरून राहिले बापा? काय हरवलं का तुमचं?"

गल्लीच्या मधल्या घरची मालकीण विधवा होती. जिभेची तिखट, हाताची चपळ. तिच्या एकुलत्या लेकीचं लग्न शिरड शहापूरच्या एका बागाईतदाराच्या मुलाशी ठरलं होतं, मांडवाच्या मेढी दारात येऊन पडल्या होत्या. घरात पडझड काय झाली ते बघत मी तिच्या परसात गेलो आणि जागच्या जागी थिजलो. जमीन बशीसारखी खचली होती. कुंपणावरून वाकून बघितलं तर शेजारच्या भावकीच्या आवारात तसाच दुसरा खळगा. पुढे गल्लीच्या टोकाला, पाटलाच्या कडब्याच्या गंजीजवळ, तिसरा. तिन्ही एका रेषेत. मी होकायंत्र लावलं. रेषा वायव्येकडून आग्नेयेकडे, आणि गावाजवळ आसना नदीनं घेतलेलं वळणही नेमकं त्याच दिशेचं. सगळं चित्र एकदम डोळ्यांत यावं म्हणून मी दोन पावलं मागे सरलो, आणि जमिनीनं मला आत घेतलं.

काखेपर्यंत गेलो. दोन्ही कोपरं पसरल्यामुळे तिथे अडकलो. पाय आधी अधांतरी हलले, मग खाली काहीतरी भुसभुशीत, सरकतं लागलं. मला ताबडतोब पुस्तक आठवलं: तडा सरकताना दोन्ही बाजूंचा दगड भरडून निघतो आणि मध्ये त्याचा भुगा साठतो. त्या भुग्यात माझे पाय होते! तेवढ्यात खालून उबट, आंबूस हवेचा भपकारा नाकात शिरला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पृथ्वीच्या पोटातला वायू. स्वतःच्या शोधात काखेपर्यंत बुडालेला तपासनीस माझ्याआधी झाला नसेल. मी त्या अवस्थेत ओरडलो, "लिहून घे! वायू! उष्ण! आंबूस!"

चपराश्याला लिहिता येत नव्हतं. तो दोन्ही हात वर करून अंगणात नाचत होता. "या अल्ला! साब को जमीन पी रई!"

पाटील आणि दोघे-तिघे धावत आले आणि मला उपटून काढलं. भोवती गाव जमलं. डोकं गरगरत होतं तरी मी पहिला प्रश्न शास्त्राचाच विचारला, "हे आधीपासून होतं का इथं?"

बायांनी पाटलाकडे बघितलं, पाटलांनी स्वतःच्या जोड्याकडे बघितलं. मग ते खाकरले. "न्हाई सायब. परवाच्या हादऱ्यानं झालं. भेग हाय ती, भूकंपाची."

"आवाज बी इथूनच यून राहिला," एक म्हातारा म्हणाला.

"धूर निघतो कवाकवा," दुसऱ्यानं सांगितलं.

"निळा," तिसऱ्यानं भर घातली.

इतका एकमुखी पुरावा मला आजवर कुठल्याही गावात मिळाला नव्हता. शिंकं हाललं का यावर ज्यांचं नवरा-बायकोत एकमत होत नसे, ती माणसं भेगेवर एकजीव झाली होती. शंका यायची ती तिथेच यायला हवी होती. पण मला तेव्हा आनंदच इतका झाला होता की शंकेला अंगात जागा नव्हती. घरची बाई तेवढी पाय रोवून भोकासमोर उभी होती.

मी चुना मागवला आणि तिन्ही खळगे जोडणारी पांढरी रेघ गल्लीभर ओढली. ती बाईच्या परसातून, तिच्या चुलीच्या हातभर अलीकडून जात होती. या रेघेच्या दोन्ही अंगांची जमीन केव्हाही सरकेल, असं मी गावाला ऐकवलं. मोजायची साखळी आणायला चावडीवर गेलो, परत येऊन बघतो तर मी पडलेलं भोक गायब! त्यावर फरशी, कडबा, चिखल आणि सगळ्यांत वर शेणाच्या पाट्या ओतलेल्या.

"अहो मावशी, पुरावा बुजवला तुम्ही!"

"लेकरं पडतील न्हवं का," बाई म्हणाली. "तुमचे हात लांब म्हून वाचले. समद्यांचे नसतात."

त्याच दिवशी वसमतेच्या टपालानं मी बड्या साहेबांना कळवलं: जिवंत तडा सापडला आहे, स्वतः यावं. आणि चपराश्यानं कुरुंद्याच्या बाजारात सांगितलं की आमच्या साहेबाला जमिनीनं गिळलं आणि चव आवडली नाही म्हणून थुंकलं. त्याची खबर माझ्या टपालाच्या आधी पोचली. शिरड शहापूरहून नवऱ्या मुलाच्या बापाचा निरोप आला: "जिच्या चुलीपाशी जमीन उघडती त्या दारात आमी वऱ्हाड आणत न्हाई. पोरीचा पायगुण कसा असंल ते बी आमाला ठाव न्हाई. लग्न राहू द्या."

बाई भर उन्हात चावडीवर आली. पदर कमरेला खोचलेला.

"दादा, ती रेघ पुसा."

"मावशी, रेघ पुसली तरी तडा जात नाही."

"तडा राहू द्या. रेघ पुसा. मी त्याच्यावरच चूल मांडते, बघते काय हुतंय ते."

"मी सरकारी माणूस आहे. जे आहे तेच लिहावं लागतं मला."

"जे हाय ते?" तिनं खोचलेला पदर आणखी घट्ट केला. "तुमाला ठाव हाय का काय हाय ते?"

"त्यासाठीच शिकलो की."

"व्हय. दिसून राहिलं." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "जेवले का?"

"चपराशी खिचडी टाकतोय."

"खिचडी रोजचीच. आज माझ्याकडं भाकर खाऊन जावा. पोरीचं लग्न मोडणाराला एक डाव जेवू घालावं म्हणते."

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. चुलीपुढे नवरी मुलगी पाठमोरी बसली होती. ती भाकरी थापत नव्हती, बडवत होती. बाईनं ताटात पिठलं वाढलं, गरम भाकरी टाकली आणि समोर बसली. मी घास तोंडात घातला आणि थांबलो. उबट, आंबूस. तोच वास, जो मी काखेपर्यंत बुडून नाकानं घेतला होता. पृथ्वीच्या पोटातला वायू माझ्या तोंडात होता, पिठल्यासकट.

"कशी लागती?"

"चांगली आहे. ही ज्वारी..."

"बाजारात मिळती का आता ज्वारी? ठिवली का सरकारनं?" बाईनं दुसरी भाकरी टाकली. "खावा. वाईच वास येतो. वरवरची काळपडती, खालची चांगली राहती. धुऊन वाळवली का वास जातो."

परसाकडे तिनं बघितलं नाही. मुलीनं मात्र एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा भाकरी बडवायला लागली.

पेव हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. घट्ट मुरमात रांजणाच्या आकाराचा खड्डा खणायचा, तोंड अरुंद, आत कडबा लावायचा, ज्वारी ओतायची आणि वरून फरशी, कडबा, माती घालून तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं धान्य राहतं. पण आमच्या घरी धान्य यायचं ते भक्तांच्या सुपातून, त्यामुळे शब्द माहीत, तोंड माहीत नाही. आणि आता त्या तोंडात मी सरळ पाय घातला होता. परवा बूट झाडताना चपराशी म्हणाला होता, "साब, इसमें तो जवार निकली." मी त्याला सांगितलं होतं, बैलाच्या गव्हाणीतली असेल.

बाकीचं कोडं आपोआप सुटलं. हादऱ्यानं पेवांची तोंडं खचली. गल्ली सरळ, म्हणून पेवं सरळ. आणि गावानं सरकारी बिल्ल्यापुढे पेव कबूल करण्यापेक्षा भूकंप कबूल केला होता.

तडा आहे म्हणावं तर या मुलीचं लग्न मोडतं. पेव आहे म्हणावं तर लेव्हीवाले येऊन तिन्ही पेवं उपसतात, लग्नाची ज्वारी जाते, वर पाटलांना आणि या बाईला कचेरी दिसते. आणि सकाळीच निरोप आला होता की बडे साहेब वसमतेच्या तहसीलदारांना सोबत घेऊन निघालेत. मी भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी बैलांची दमणी जुंपायला लावली आणि शिरड शहापूर गाठलं. नवऱ्या मुलाचा बाप खळ्यावर बसला होता, भरघोस मिशा, तळहातावर तंबाखू. मी त्याला सांगितलं की भेग आहे, पण मेलेली आहे, भिण्याचं कारण नाही.

"मेली कवा?"

"फार पूर्वी. माणूस जन्मायच्याही आधी."

"मंग तुमी तिच्यात पडले तवा ती मेलेलीच व्हती?"

"हो."

"आन् हैद्राबादला लिवलं जिती हाय म्हून."

"जरा घाई झाली."

"सायब, मी बैल घ्यायचा तर दात बघतो, शेपटी उचलून बघतो. तुमी एवढी मोठी भेग, जिती का मेली हे बी न बघता लिवून टाकली?"

"तपास पुढे गेला, तसं कळलं."

"आमचा बी तपास पुढं जाऊ द्या की." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "मी यून बघतो. माझ्या डोळ्यानं."

तो आला नेमका बड्या साहेबांच्या दिवशी. परसात पांढऱ्या रेघेच्या एका अंगाला साहेब आणि तहसीलदार, दुसऱ्या अंगाला गाव, आणि कडेला मिशीवाला, पाठीमागे हात बांधून. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सारी उम्र कहता रहा कि यहाँ कुछ नहीं है. चलो बरखुरदार, आज मैं ग़लत ही सही." म्हातारपणी खोटं ठरायला आलेला माणूस इतका आनंदी मी दुसरा पाहिला नाही. मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि ते त्या ठिकाणी अगदी शक्य होतं.

मग साहेबांनी कुदळवाले पुढे बोलावले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तडा वरून बघून सिद्ध होत नाही; त्याला आडवा चर खणायचा आणि दोन्ही बाजूंचे थर एकमेकांवरून सरकलेले दाखवायचे, तो खरा पुरावा. साहेबांनी काठीनं चराची जागा आखून दिली. बाईच्या पेवाच्या बरोबर मधून. पाटलांचा रंग चुन्यासारखा झाला. बाई स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होती, तिच्यामागे मुलगी. कुदळ वर गेली.

"थांबा!" मी म्हणालो. "साहेब, हा तडा नाही. हा उकिरडा आहे."

कुदळ वरच्या वर राहिली.

"और वो गैस?" साहेबांनी विचारलं.

"शेणाचा वायू, साहेब."

"और वो चूरा, जो आपके पैरों को लगा?"

"कुजलेला कडबा."

"और ये सीधी लकीर?"

मी पाटलांकडे बघितलं. पाटील हात जोडून पुढे झाले. "सरकार, गल्ली सरळ हाय. उकिरडे वाकडे कसे असतील?"

"माझ्याच म्हशीचा हाय तो तिकडचा," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्या बी दोन गाई," दुसरं कुणी.

"आणि तो निळा धूर, तो कसला मग?" तहसीलदारांनी विचारलं.

"उकिरड्यातनं निघतोच की सरकार," तिघांनी एकदम सांगितलं.

तहसीलदारांनी रुमाल नाकाला लावला. मग रुमालाआडून त्यांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की त्यांना बाजेवर बसवावं लागलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरखुरदार, ये दरार ज़मीन की है या भैंसों की, इतना तो देख लेते." आणि कुदळवाल्यांना मागे सरायची खूण केली. एवढं बोलून ते रेघेपासून दूर झाले, आणि त्यांची पाठ मला एकाएकी फार वाकलेली दिसली.

मिशीवाला मात्र पुढे आला होता. तो खळग्याशी उकिडवा बसला. काठीनं शेण बाजूला केलं, खालची चिमूटभर माती घेऊन नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं. सरकारी चौकशी परवडली असती इतकं ते बघणं लांबलं. शेवटी त्यानं हात धोतराला पुसला.

"उकिरडाच हाय," तो तहसीलदारांना ऐकू जाईल असा म्हणाला. "आमच्या आवारात बी हायेत असले." आणि उठता उठता माझ्या कानाशी पुटपुटला, "सायब, बुजवणाराला सांगा, कडबा कमी पडला. पाणी शिरंल."

मग तो दाराकडे वळला. "इहीणबाई, च्या ठिवा. वऱ्हाड ठरल्या दिवशी येईल."

बाईनं चौकट सोडली. पदर डोळ्यांना लावला, तो चुलीचा धूर झाल्यासारखा, आणि आत गेली. मुलगी कुठे दिसेना. आतून तिच्या बांगड्यांचा आवाज तेवढा आला.

माझी रवानगी झाली नाही, त्यापेक्षा वाईट झालं. साहेबांनी मला उरलेली गावं पुरी करायचा हुकूम दिला, 'घरं मोजा, गोठे सोडा' असा शेरा मारून. खात्यात माझं उकिरडेसाहेब हे नाव मी परत पोचायच्या आधी पोचलं. सेनगावच्या बाजूला दोन-चार गावं बघून झाली, तोवर लग्नाचं बोलावणं आलं. स्वतः पाटील आले होते. "पोरीच्या मायनं सांगितलंय, ज्यानं रेघ वढली त्यानं अक्षता टाकायला यावं."

मांडव गच्च भरला होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी मेढीला टेकून, मुठीत अक्षता घेऊन उभा होतो आणि त्या दिवसांत प्रथमच कुठल्या भांड्यातल्या पाण्याकडे बघत नव्हतो. तेवढ्यात खालून आलं. आधी आवाज, दगडांनी भरलेली गाडी लाकडी पुलावरून जावी तसा. मग तळपायांत थरथर. मेढी करकरल्या, माळवदाची माती कुणाच्या तरी फेट्यावर सांडली, अंतरपाट वाऱ्याविना हलला. भटजींचा स्वर तुटला.

आणि सगळ्या मांडवानं वळून माझ्याकडे बघितलं. शिरडचं वऱ्हाड, गाव, पाटील, मिशीवालाही. पेव त्याला ओळखता येत होतं, हे ओळखता येत नव्हतं. बाई मुलीच्या मागे उभी होती. तिनं मुलीचे दोन्ही खांदे धरले होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मला काही माहीत नव्हतं. तडा होता. खराखुरा, जिवंत, कुठेतरी खाली, नदीखाली किंवा हळदीच्या मळ्यांखाली किंवा थेट या मांडवाखाली, आणि तो कुठे आहे हे त्या मांडवात सरकारी पगार घेणाऱ्या एकट्या माणसाला सांगता येत नव्हतं. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं जोडे शोधायला सुरुवात केली.

"बघता काय?" मी ओरडलो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "गेलं ते! भटजी, पुढचं म्हणा! अक्षता टाका! वाजवा रे, वाजवा!"

ताशेवाला आधी दचकला आणि मग त्यानं असा हात चालवला की मांडव दणाणला. सनईवाल्यानं गाल फुगवले. अंतरपाट खाली गेला, मुलीनं घाईघाईनं हार घातला, तो नवऱ्याच्या एका कानात अडकला, आणि अक्षतांचा पाऊस पडला. कोणीतरी हसलं. म्हाताऱ्यानं जोडे ठेवून दिले.

मीही माझी मूठ उधळली. पण माझे अनवाणी तळवे जमिनीला घट्ट चिकटवलेले होते, डोळे मिटले होते, आणि मी चाचपत होतो की थरथर नदीकडे सरते आहे की माळाकडे. ताशाच्या दणक्यात ती हरवत होती; ताशेवाल्याला थांब म्हणावं असं दोनदा ओठांवर आलं. मी त्याला आणखी जोरात वाजवायची खूण केली.